दादा कोंडके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमाच्या पेट्या एसटीच्या टपावर टाकून मी काही वर्षं नाशिक जिल्हा पालथा घातला. वितरकाचा 'रिप्रेझेंटेटिव्ह' म्हणून. खेळ सुरू झाला की तिकिटांचे तुकडे मोजायचे, डीसीआरवर (रोजच्या तिकीटविक्रीच्या हिशेबाच्या कागदावर) सही करायची, लॉजवर येऊन झोपायचं, एवढंच काम. आता निवृत्त आहे आणि महिन्यातून एकदा आमच्या कॉलनीत जुन्या मराठी चित्रपटांवर गप्पांचा कार्यक्रम करतो. विषय कुठलाही ठेवा, गाडी फिरून दादा कोंडक्यांवर येते. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, भाजी घेताना तेच तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. दादा कोंडके आपल्या नाशिकचे होते ना?

नाही. हा घोळ 'दादा' या शब्दामुळे होतो. नाशिकचे ते दादासाहेब फाळके. 30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरात जन्मले, 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला आणि 1944 मध्ये नाशिकलाच गेले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे ते त्यांचं. एकदा तिथे एका काकांनी नातवाला "हे बघ, हे विनोदी सिनेमे काढायचे" असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. कोंडक्यांचा नाशिकशी संबंध इतकाच, की त्यांच्या पेट्या इथे आल्या की तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांपासून थेटरवाल्यांपर्यंत सगळ्यांचा महिना सुखात जायचा.

2. मग ते मूळचे कुठले? 'दादा' हे खरं नाव का?

खरं नाव कृष्णा. जन्म 8 ऑगस्ट 1932, मुंबईच्या नायगाव-लालबाग भागातला, म्हणजे अस्सल गिरणगावातला. घराणं मूळचं भोरकडच्या इंगवलीचं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र सापडतात. गावाकडचा हेल आहे, आणि चाळीच्या नाक्यावर उभं राहून कमावलेला हजरजबाबीपणाही आहे. पडद्यावर ते खेडवळ, भोळसट दिसले तरी तो माणूस मुंबईच्या गिरणी भागात वाढलेला होता. हे ध्यानात ठेवलं तर पुढची बरीच उत्तरं आपोआप सुटतात.

3. सिनेमाच्या आधी काय करायचे? पोस्टरवर 'शाहीर' कशासाठी लिहायचे?

नोकरी अपना बाजारमध्ये. त्याच्या आगेमागे बँडपथकात वाजवणं आणि समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत काम. सेवा दलाच्या कलापथकांनी त्या काळात मराठीला बरीच माणसं दिली, निळू फुले आणि राम नगरकर हे त्याच वाटेने आले. दादांनी पुढे स्वतःची नाटकमंडळी काढली, 'खणखणपूरचा राजा' केलं. 'शाहीर' ही पदवी या लोकनाट्याच्या दिवसांतली, आणि सिनेमात पैसा आला तरी त्यांनी ती सोडली नाही. गाणी ते स्वतःही लिहायचे, तेव्हा ती शोभेपुरतीही नव्हती.

4. 'विच्छा माझी पुरी करा' एवढं गाजलं, पण त्यात नेमकं होतं काय?

हा प्रश्न तरुण मुलं विचारतात आणि मला फार बरं वाटतं. 1965 साली हे लोकनाट्य रंगमंचावर आलं. लेखक वसंत सबनीस. संहितेचं आधीचं नाव 'छपरी पलंगाचा वग'. गोष्ट साधी आहे. राज्यातला कोतवाल मरतो. हवालदाराला वाटतं, आता आपला नंबर. पण प्रधान आपल्या नात्यातल्या माणसाला त्या जागेवर बसवतो. मग हवालदार मैनावतीला हाताशी धरतो आणि नव्या कोतवालाला राजाचा छपरी पलंग चोरायला लावतो. वशिला, बढती, भ्रष्टाचार, सगळं त्यात आलं. हवालदार दादा करायचे.

तमाशाची मांडणी माहीत नसलेल्यांसाठी: आधी गण म्हणजे गणपतीचं स्तवन, मग गवळण म्हणजे कृष्ण आणि गवळणींचा प्रवेश, त्यात कृष्णाचा सवंगडी पेंद्या नि गवळणींची मावशी, मग बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य गोष्ट. बतावणी म्हणजे दोघांची उभ्याउभ्या जुगलबंदी. ती लिहिलेली असते आणि नसतेही. त्या गावचा सरपंच, कालच्या पेपरातली बातमी, पहिल्या रांगेत बसलेला फौजदार, काहीही त्यात ओढता येतं. दादांनी त्या मोकळ्या जागेत राज्यकर्त्या काँग्रेसला इतकं झोडलं, की लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येत. आज काय नवीन घातलंय ते बघायला. प्रयोग दीड हजारांच्या वर झाले. हिंदीत हाच वग 'सैंया भये कोतवाल' म्हणून गेला.

पुणे-नाशिक रस्त्याने जाताना नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या बघितल्या असतील. गावोगावचे पंच तिथे येऊन यात्रेसाठी फड ठरवतात. दादा ज्या परंपरेतून आले ती ही. त्यांनी तिची शहरी आवृत्ती केली आणि नाट्यगृहाचं तिकीट काढणाऱ्या पांढरपेशाला सोंगाड्यासमोर, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटासमोर, आणून बसवलं.

5. नाटकातून एकदम हिरो कसे झाले?

एकदम नाही झाले. आशा भोसले 'विच्छा'चे प्रयोग बघायच्या, त्यांनी भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला. भालजींनी 1969 च्या 'तांबडी माती'त दादांना घेतलं. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, पण दादा त्यात हिरो नव्हते. हिरो होण्यासाठी त्यांनी स्वतःच पैसा उभा केला आणि 1971 मध्ये 'सोंगाड्या' काढला. पटकथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. नाम्या नावाचा आईवेडा पोरगा तमाशातल्या कलावतीच्या नादी लागतो, आई त्याला घराबाहेर काढते. कलावती उषा चव्हाण.

आई म्हणजे 'आये'. ही 'आये' रत्नमालाबाईंनी केली, आणि पुढच्या चित्रपटांतही त्याच दादांच्या 'आये' होत राहिल्या. लोक चावटपणाची एवढी चर्चा करतात, पण तंबूत रडारड व्हायची ती आयेच्या प्रसंगांना. मी नैताळ्याच्या मतोबाच्या यात्रेत पाहिलंय. पाच मिनिटांपूर्वी शिट्ट्या मारणारे बाप्ये उपरण्याने डोळे पुसत होते.

6. दादरच्या कोहिनूरचं प्रकरण खरं की दंतकथा?

खरं. 'सोंगाड्या' कोहिनूर थेटरात लागायचा ठरला होता, आणि ऐन वेळी मालकाने देव आनंदच्या हिंदी चित्रपटाला जागा दिली. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसेना तेव्हा पाच वर्षांची, मराठी माणसाच्या हक्काचा मुद्दा तापलेला. शिवसैनिक थेटरवर पोचले आणि 'सोंगाड्या' लागला.

या गोष्टीत लोक फक्त दांडगाई बघतात. मी धंद्यातला माणूस, मला दुसरंही दिसतं. तेव्हा मराठी चित्रपटाला चांगल्या थेटरात मुळात तारीखच मिळायची नाही. मिळाली तर मॅटिनी, म्हणजे दुपारी बाराचा खेळ, आणि हिंदी मोठा चित्रपट आला की तोही उचलून टाकायचे. थेटरवाला भाडं बघणार, त्याला भाषेचं काय. दादांनी त्या दिवशी ओळख वापरली हे खरं. पण पहिल्या आठवड्यात जागा मिळवून दिली म्हणून चित्रपट चालत नाही. पुढचे आठवडे लोकांनी चालवले.

7. गिनीज बुकात नाव कशासाठी? नऊ चित्रपट की सगळेच?

लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव. रौप्यमहोत्सव म्हणजे एका थेटरात सलग 25 आठवडे. जुन्या जाहिरातीत 'रौप्यमहोत्सवी' दिसलं की पुढे बारीक अक्षरात थेटरचं नावही वाचावं, तोच खरा पुरावा. अमुक इतके कोटी वगैरे आजची भाषा त्या काळाला लावू नका, तेव्हा मोजमाप आठवड्यांचं होतं.

सुरुवात 'सोंगाड्या'पासून. मग 'एकटा जीव सदाशिव' 1972, 'आंधळा मारतो डोळा' 1973, 'पांडू हवालदार' 1975, 'तुमचं आमचं जमलं' 1976, 'राम राम गंगाराम' 1977, 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' 1978. वर्षाला एक, जवळजवळ कॅलेंडरसारखे. 'एकटा जीव सदाशिव'वरून पुढे 2000 साली गोविंदाला घेऊन 'जिस देश में गंगा रहता है' निघाला. गुजरातीत दादांनी स्वतः 'पांडू'चा 'चंदू जमादार' केला.

8. त्यांचा सगळा विनोद अश्लीलच होता ना? खरं सांगा.

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न. 'हो' किंवा 'नाही' म्हणून तो सुटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी यंत्र कसं चालतं ते बघा. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' हे नाव घ्या. शब्दकोश काढून एकेक शब्द तपासा, काही सापडत नाही. लहान मुलाला गुदगुल्या करताना आजी हेच म्हणेल. पण दादांचं नाव त्याच्या वर आलं की पोस्टर बघणारा गालात हसतो. वाक्य दादांचं, अर्थ तुमचा. पडद्यावरही तेच. दादा वाक्य अर्ध्यावर सोडायचे, चेहऱ्यावर बावळट भाव ठेवायचे आणि थांबायचे. ते थांबणंच सगळं. संवाद कागदावर लिहून काढलात तर ओळीत काही नसतं, कारण गंमत दोन ओळींच्या मधल्या जागेत असते.

मला हे तंबूत कळलं. टुरिंग टॉकीजला बहुधा एकच मशीन. रीळ संपलं की दिवे लागायचे आणि ऑपरेटर दुसरं रीळ चढवेपर्यंत लोक नुकताच ऐकलेला संवाद एकमेकांना म्हणून दाखवायचे. कुणालाच तो तसा जमायचा नाही! शब्द तेच, पण थांबायचं कुठे ते चुकायचं. ऑपरेटर मात्र रीळ गुंडाळता गुंडाळता स्वतःशी पुटपुटायचा आणि त्याचं बरोबर यायचं, कारण त्याने दिवसातून तीनदा ऐकलेलं असायचं. शिवाय दादा हशासाठी जागा सोडून पुढचं वाक्य घ्यायचे. रिकाम्या थेटरात तोच चित्रपट लावला की मधली शांतता अवघडल्यासारखी वाटते. आज घरी मोबाईलवर एकट्याने बघणारे म्हणतात, "काय एवढं हसण्यासारखं?" त्याचं निम्मं कारण हे.

दुसरी गोष्ट, द्वयर्थ दादांनी मराठीत आणला नाही. ऐकायला वाह्यात आणि उत्तर साधं, अशी हुमाणं, म्हणजे कोडी, आमच्या आज्या आम्हाला घालायच्या. शिमग्याला तर विचारूच नका. लग्नात विहिणींची गाणी ऐकली असतील तर कोंडके सोवळे वाटतील. दोन अर्थांची कला एकनाथांच्या भारुडातही आहे, तिथला विंचू विंचू नसतो. नाथांकडे दुसरा अर्थ वर जातो, दादांकडे तो कमरेखाली. पण ऐकणाऱ्याचा कान तोच आहे.

हे सगळं मान्य करून माझं मत: पहिल्या सहा-सात चित्रपटांत द्वयर्थ हा गोष्टीतला मसाला आहे. माणूस भोळा आहे की बनेल, हे आपल्याला कळत नाही आणि त्या न कळण्यातून हसू येतं. नंतर मसालाच ताटात वाढायला लागले. माणूस बनेल आहे हे पहिल्या रिळात कळलं, की पुढे नुसता डोळा मारणं उरतं. ते अश्लील आहे की नाही हा वाद तुम्ही घाला, मला ते आळशी वाटतं.

9. मग सेन्सॉरने पास कसे केले?

प्रश्न 8 मधलं यंत्र समजलं असेल तर उत्तर तिथेच आहे. आक्षेप घ्यायचा तर शब्दावर बोट ठेवावं लागतं. बोर्ड विचारणार, "या ओळीचा अर्थ काय?" दादा साधा अर्थ सांगणार. दुसरा अर्थ बोर्डाच्या सभासदाने स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा, सगळ्यांसमोर. पंचाईत त्याची! याचे अनेक किस्से सांगितले जातात, त्यातले अर्धे तरी सांगणाऱ्याने रंगवलेले असतात. म्हणून इथे देत नाही.

नाटकाचा मामला वेगळा. चित्रपटाला केंद्राचा 1952 चा कायदा लागतो, नाटकाची संहिता मात्र राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. मंडळ कागद तपासणार. बतावणीत आयत्या वेळी काय बोललं जाईल ते कागदावर कुठून येणार? 'विच्छा'ची ताकद तिथे होती. सिनेमात ती मोकळीक गेली, कारण फिल्मवर एकदा छापलं की छापलं. मला तर वाटतं, थांबण्याची ती युक्ती त्यांनी इतकी घासूनपुसून घेतली ती या गेलेल्या मोकळिकीची भरपाई म्हणून.

10. बायका हे चित्रपट बघायच्या का? आणि त्यात बायकांची चेष्टाच असायची ना?

बघायच्या, आणि भरपूर. तंबूत बायकांचा भाग दोरी किंवा कनात लावून वेगळा असे. संवाद झाला की बाप्यांकडून पहिला हशा, आणि मग एक क्षण जाऊन कनातीपलीकडून दुसरा. पदर तोंडात धरलेला, दबका, पण लांबलेला. आधी कळलं नव्हतं असं नाही. आधी आपण हसलो तर काय म्हणतील, याचा अंदाज घेतला जायचा.

चेष्टेबद्दल: उषा चव्हाणांच्या नायिका गप्प बसणाऱ्या नाहीत. दादाने टोमणा मारला की तेवढाच खणखणीत परत येतो, आणि बरेचदा बाजी तीच मारते. तमाशात मावशी आणि गवळणी पेंद्याला नि कृष्णाला अशाच धारेवर धरतात. त्यामुळे 'स्त्री म्हणजे नुसती हसण्याची वस्तू' हा आरोप सुरुवातीच्या चित्रपटांना सरसकट लागत नाही. नंतरच्या काहींना लागतो. तिथे नायिकेला उलट बोलायला ओळच नाही, आणि कॅमेरा दादांच्या चेहऱ्यावरून निघून भलतीकडे रेंगाळतो. माझ्या बायकोने अशाच एका चित्रपटाला मध्यंतरात उठून "मी बाहेर चहा घेते" म्हटलं होतं. ती परत आत आली नाही. मी आलो, ड्युटी होती.

11. ती पट्ट्यांची अर्धी चड्डी आणि लोंबती नाडी: यात काही अर्थ आहे का?

सोंगाड्याची वेशभूषा आहे ती. ढगळ चड्डी, गुडघ्यापर्यंत लोंबणारी नाडी, तोंडात "आये" हाक. वाढलेलं शरीर आणि न वाढलेलं पोर. असं पोर वाह्यात बोललं तर त्याला कळून बोललंय की न कळून, हे ठरवता येत नाही, आणि दादांना तेच हवं असायचं. त्या आधीचे मराठी विनोदी नट आठवा, राजा गोसावी, शरद तळवलकर. स्वच्छ शर्ट-पँट किंवा कोट, भाड्याची खोली, बेकारी, पुणेरी-मुंबईकर गोंधळ. दादांनी नाडी लोंबवली आणि नायकाचा पत्ताच बदलला.

12. संगीतकार 'राम-लक्ष्मण' आणि राम कदम एकच का?

नाही, आणि हा घोळ चांगल्या चांगल्या क्विझमास्तरांनी घातलाय. 'सोंगाड्या'चे राम कदम वेगळे. 'पांडू हवालदार'पासून सुरेंद्र आणि विजय पाटील ही जोडी आली, त्यांना 'राम-लक्ष्मण' हे नाव दादांनी दिलं. त्यातले राम लवकरच, 1976 मध्ये, वारले. नागपूरच्या विजय पाटलांनी पुढे एकट्याने तेच नाव चालवलं आणि 'मैंने प्यार किया', 'हम आपके हैं कौन' केले. म्हणजे हिंदीतल्या त्या कबुतरवाल्या प्रेमकथेच्या संगीताचं मूळ शोधत गेलात तर पांडू हवालदाराच्या चौकीत पोचाल.

दादांचा आवाज बहुतेक वेळा महेंद्र कपूर, सोबत उषा मंगेशकर. पंजाबी गायकाच्या गळ्यातली ती गावरान मराठी कुणाला खटकली नाही. 'ढगाला लागली कळ' तर 2019 मध्ये 'ड्रीम गर्ल' या हिंदी चित्रपटात परत आलं. लग्नाच्या वरातीत ते कधी गेलंच नव्हतं.

13. अशोक सराफ त्यांच्यामुळे आले का?

आधीपासून काम करत होते, पण 'पांडू हवालदार'मधल्या सखारामने ते घराघरांत पोचले. दादांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. स्वतःच्या पहिल्याच दिग्दर्शनात समोर इतका तोडीचा नट उभा करायला छाती लागते.

14. ते शिवसेनेचे होते की सेवा दलाचे?

दोन्ही, पण एकाच वेळी नाही. तरुणपणी सेवा दल (प्रश्न 3), कोहिनूरनंतर बाळासाहेब (प्रश्न 6). शिवसेनेच्या प्रचारसभांत दादा भाषणं करायचे, आणि ती भाषणं म्हणजे बतावणीच. समाजवादी मित्रांना हे रुचलं नाही. मला त्यात फारसा विरोधाभास दिसत नाही. 'विच्छा'तल्या हवालदाराचं सत्तेत बसलेल्यांशी भांडण होतं आणि व्यासपीठ बदललं तरी ते चालू राहिलं. 1995 मध्ये युतीचं सरकार आलं आणि आपलेच लोक सत्तेत बसले, तेव्हा मात्र हवालदाराची अडचण झाली असणार.

15. हिंदीत का चालले नाहीत?

प्रयत्न केले: 'तेरे मेरे बीच में' 1984, 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' 1986, नंतर 'आगे की सोच' आणि 'खोल दे मेरी जुबान'. नावं सर्वांच्या तोंडी झाली, चित्रपट फारसे कुणाला आठवत नाहीत. मराठीतला द्वयर्थ बोलीवर उभा होता. एकाच शब्दाचा भोरकडे एक अर्थ आणि लालबागला दुसरा. हिंदीत उरले फक्त सूचक शब्द, मागचं गाव गेलं. शीर्षकातच सगळा विनोद संपल्यावर आत बघायचं काय?

16. पुढे उतरती कळा का लागली?

वय, सवय आणि बदललेला प्रेक्षक. 'धूमधडाका' 1985 आणि 'अशी ही बनवाबनवी' 1988, म्हणजे लक्ष्मीकांत-अशोक-सचिन-महेश यांचा जमाना आला. शहरातलं कुटुंब एकत्र बसून हसू लागलं. तोवर व्हिडिओ आला होता, तंबू उठायला लागले होते. दादांचे 'पळवा पळवी', 'येऊ का घरात', 'सासरचं धोतर' आले. मी त्यातल्या एकाच्या डीसीआरवर सही केली तेव्हा रात्रीच्या खेळाचे तुकडे माझ्या एका मुठीत मावले होते. 14 मार्च 1998 ला ते मुंबईत गेले.

17. त्यांनी गंभीर काम कधी केलंच नाही?

भालजींच्या 'गनिमी काव्या'त (1981) बघा. ज्याने पहिली संधी दिली त्या दिग्दर्शकाचं ऐतिहासिक चित्र. नाडी नाही, आये नाही.

18. लग्न, घटस्फोट, मृत्युपत्र, नायिकेशी संबंध... याबद्दल काहीच का लिहीत नाही?

त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी अनिता पाध्ये यांनी शब्दांकन केलेल्या 'एकटा जीव' या आत्मकथनात सांगितलं आहे, आणि आडपडदा न ठेवता. ग्रंथालयात मिळेल, वाचा. उरलेलं मला ऐकून माहीत आहे, आणि लॉजवर ऐकलेल्या गोष्टी मी लॉजवरच ठेवतो.

19. मुलांसोबत बघावेत का? सुरुवात कुठून करू?

'सोंगाड्या', मग 'एकटा जीव सदाशिव', मग 'पांडू हवालदार'. हे तीन दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत बघता येतात. त्याला जे कळायचं नाही ते कळणार नाही आणि जे कळेल ते त्याला शाळेत आधीच कळलेलं असेल. 1980 नंतरचे आधी स्वतः बघा. जुन्या चित्रपटांवरचं 'यू' किंवा 'ए' त्या काळाच्या हिशेबाने दिलेलं आहे. 'यूए'चे 7, 13, 16 वर्षं असे टप्पे 2024 पासूनचे, ते जुन्या प्रमाणपत्रावर शोधू नका.

20. 'सोंगाड्या' पन्नास वर्षांहून जुना आहे. गणपतीत मंडळाने पडदा लावून दाखवला तर कुणाची परवानगी लागते का?

लागते. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षं असतो. 1971 चा चित्रपट म्हणजे 2031 च्या डिसेंबरअखेरपर्यंत. तिकीट नाही, फुकट दाखवतोय, हे कारण इथे चालत नाही. यूट्यूबवर आहे म्हणून चौकात चालेल, असंही नाही. हक्क आज कुणाकडे आहेत ते विचारून लेखी परवानगी घ्यावी.

21. आणि 'विच्छा'तला प्रवेश कॉलनीतल्या पोरांनी बसवला तर?

इथे कायदा जरा मोकळा आहे. हौशी मंडळाने, पैसे न घेता बसलेल्या प्रेक्षकांसमोर नाट्यकृती सादर केली तर कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. तिकीट लावलं की ती गेली. मग लेखकाच्या वारसांची परवानगी हवी, कारण सबनीस 2002 मध्ये गेले आणि लेखकाचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. जाहीर प्रयोग असेल तर प्रश्न 9 मधल्या मंडळाचंही बघावं लागेल. कालिदास कलामंदिर किंवा सायखेडकर नाट्यगृह घेणार असाल तर हे कागद आधी गोळा करा, तारीख नंतर.

बतावणीत नगरसेवकाला घालायचं का, हा प्रश्न कायद्याचा नाही. वर्गणी कोण देतंय ते बघून ठरवा.

22. आमच्या माळ्यावर दादांच्या चित्रपटाचं जुनं पोस्टर सापडलंय. त्याचं काय करू?

आधी लॅमिनेशन करू नका. दर वेळी हे सांगेपर्यंत करून आणलेलं असतं. सेलोटेप लावलेली असेल तर ओढून काढू नका, कागदाचा पापुद्रा निघतो. घडी उलगडून दोन दिवस पाटाखाली सपाट ठेवा, मग मोठ्या नळीवर सैल गुंडाळा, छापील बाजू बाहेर. ऊन आणि ओल दोन्हीपासून लांब. द्यायचं मनात असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय अशा वस्तू ठेवून घेतं. आणि द्यायच्या आधी मला एक फोटो पाठवा. खालच्या कोपऱ्यात थेटरचा शिक्का आणि पेनने लिहिलेली तारीख असेल, तर तो कोपरा जवळून काढा. अक्षर माझं असू शकतं.